नोंद हवी, चव्हाटा नको!

नागझिरा म्हटले की लोकांना वाघ आठवतो. १९७० साली हे अभयारण्य झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. तेव्हापासून तर दूरदूरची मंडळी गाड्या करून येतात, पहाटे फाटकापाशी रांग लावतात आणि वाघ दिसला तर धन्य होऊन परततात. पण या जंगलाच्या कडेने गावे आहेत, त्या गावांत अंगणवाड्या आहेत आणि त्या अंगणवाड्यांत दोन-तीन वर्षांची लेकरे ताटली घेऊन बसतात, हे त्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल? मी अशाच एका गावातली. माझी माय उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते, मोहफुले वेचते आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कायदा, संगणक वगैरे मोठ्या विषयांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, असा प्रश्न कुणाला पडेल. परंतु हा विषय वरवर दिसतो तितका शहरी नाही. तो आमच्या अंगणातला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय असा : अंगणवाडीत जी लेकरे जातात त्यांची, त्यांच्या आईवडिलांची आणि तिथे राबणाऱ्या सेविका-मदतनिसांची जी माहिती गोळा होते, ती सांभाळायची कुणी आणि कशी?

प्रथम वाघाचेच उदाहरण घेऊ. वाघाच्या गळ्यात पट्टा बांधतात आणि तो कुठे हिंडतो हे उपग्रहावरून कळते. ही माहिती गुप्त ठेवतात, कारण ती शिकाऱ्याच्या हाती पडली तर वाघाचा जीव जाईल. २०१३ च्या जुलै महिन्यात मध्य प्रदेशातील अशाच एका वाघाची माहिती ज्या शास्त्रज्ञांच्या ई-मेलवर येत असे, त्या ई-मेलमध्ये कुणीतरी शिरण्याचा प्रयत्न केला. शास्त्रज्ञ डेहराडूनचे आणि प्रयत्न झाला पुण्यातून! माहिती सांकेतिक स्वरूपात होती म्हणून बचावली. पण त्याचा बोभाटा परदेशातील नियतकालिकांपर्यंत गेला. अगदी अलीकडे, ३१ डिसेंबर २०२४ रोजी, आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना वाटेत अडवून धरले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. हे सारे योग्यच झाले. वाघ जगलाच पाहिजे. पण मनात विचार येतो की, बछड्यांच्या भोवती कॅमेरे गोळा झाले तर न्यायालय जागे होते. मग माणसाच्या बछड्यांचे काय? त्यांचे नाव, वजन, जात, आईचा टेलिफोन क्रमांक, घराचा पत्ता हे सारे ज्या पेटीत असते, तिला कुलूप आहे का?

अंगणवाडी हा शब्द मोठा सुंदर आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, ही ती कल्पना. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आता अंगण म्हणजे काय? ते उंबरठ्याच्या बाहेर असते, पण कुंपणाच्या आत असते. शेजारीण तिथे येऊन बसते, लेकरे खेळतात, धान वाळत घालतात. पण वाटसरू तिथे विचारल्यावाचून शिरत नाही. अंगणवाडीतील माहितीचेही असेच असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ती बाईंना कळावी, डॉक्टरांना कळावी, ज्यांना उपाय करायचा आहे त्यांना कळावी. रस्त्याने जाणाऱ्याला कळू नये.

पूर्वी ही सारी माहिती रजिस्टरांत असे. सर्वेक्षणाचे रजिस्टर, हजेरीचे रजिस्टर, वजनाचे रजिस्टर अशी थप्पी कपाटात असायची. त्या वह्या कुणी चोरल्या तरी फार तर एका गावाची माहिती जाई. १ मार्च २०२१ पासून केंद्र शासनाचा 'पोषण ट्रॅकर' आला आणि रजिस्टर मोबाइलमध्ये गेले. बालकाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, सामाजिक प्रवर्ग, उंची, वजन, गरोदर स्त्रीची नोंद, प्रसूतीची तारीख असे सारे त्यात जाते. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेताना चेहऱ्याची पडताळणीही सक्तीची झाली. आहार खऱ्या लाभार्थ्यालाच मिळावा, मध्येच कुणी खाऊ नये, असा शासनाचा त्यामागचा हेतू सांगितला जातो. हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? आमच्या भागात आहाराची पाकिटे कुठे कुठे जातात, याच्या कथा लहानपणापासून आम्ही ऐकत आलो आहोत.

तेव्हा कुणी असे समजू नये की, मी नोंदीच्याच विरुद्ध आहे. उलट, नोंद नसती तर कित्येक लेकरांचे मरणही कुणाला कळले नसते. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी बालमृत्यूंची मोजणी केली. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकारी कागदावर जे मृत्यू नव्हते ते डोळ्यांसमोर आले. त्यानंतर शासनाला समिती नेमावी लागली. मोजणीत केवढे सामर्थ्य असते, हे त्यावरून दिसते. परंतु त्या अहवालाने महाराष्ट्राला हादरवले ते आकड्यांनी. अमक्या गावच्या अमक्या बाईचे लेकरू असे मेले, हे नावानिशी चव्हाट्यावर मांडण्याची त्यासाठी गरज पडली नाही. नोंद आणि चव्हाटा यांत जो फरक आहे तो हाच.

आता हा फरक पुसला गेला म्हणजे काय होते, ते सांगते. माझ्या नात्यातली एक वहिनी आहे. तिचे नाव मी लिहीत नाही, ज्या गावात हे घडले त्याचेही लिहीत नाही. ते लिहिले तर या लेखाला अर्थच उरणार नाही. तिचे दीड वर्षाचे लेकरू वजनात कमी भरले. वजनकाट्यावर उघडे बसलेल्या त्या लेकराचा फोटो, खाली नाव, आईचे नाव आणि 'तीव्र कुपोषित' हे दोन शब्द, असे सारे मोबाइलवरच्या एका गटात पडले. तो गट कामाचा होता, हे मान्य. पण गटात किती माणसे होती आणि त्यांतल्या कुणी ते पुढे कुणाला पाठविले, याचा थांग कसा लागायचा? आठ दिवसांत तो फोटो वहिनीच्या माहेरी पोचला. तिच्या आईने फोन करून विचारले, "काय गं, तुमच्या घरी खायला नाही का?" सासू म्हणाली, "आमच्या घराचं नाव घालवलंस." लेकराच्या वजनाचा दोष आईच्या माथी मारण्याची आपली जुनी रीत आहेच, तिला आता छायाचित्राचा पुरावा मिळाला.

पुढे काय झाले? वहिनीने तीन महिने लेकराला वजनाला नेले नाही. बाई बोलवायला आल्या की ती लेकराला घेऊन शेताकडे जाई. म्हणजे ज्या लेकराकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला हवे होते, तेच नेमके नजरेआड गेले. नोंदीत त्या तीन महिन्यांत काय भरले गेले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. माहितीचे रक्षण ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन आहे, गरिबाला आधी अन्न हवे, खाजगीपणा नंतर, असे काही शिकलेली माणसेही बोलतात. पण गरिबाचे अन्नच या खाजगीपणावर अवलंबून असेल तर? जिथे नाव उघडे पडते, तिथे माय लेकराला लपवते. जिथे ती लपवते, तिथे वजनही होत नाही आणि औषधही पोचत नाही. लाज ही भुकेपेक्षा मोठी असते, हे ज्याने गरिबी भोगली आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून पोषणाचे काम करायचे असेल तर गुप्तता हा त्या कामाचाच भाग समजला पाहिजे. जसे दवाखान्यात सुई निर्जंतुक करणे हा उपचाराचाच भाग असतो.

काहीजण म्हणतील, खाजगीपणा ही पश्चिमेकडून आलेली कल्पना आहे. आपल्या खेड्यात सर्वांना सर्वांचे माहीत असते. हे अर्धेच खरे आहे. आमच्याकडे पोटुशी राहिलेली बाई तिसरा महिना भरेपर्यंत कुणाला सांगत नाही. आजी म्हणते, "पोटातलं पोटातच ऱ्हाऊ द्यावं." यात अंधश्रद्धा किती आणि शहाणपण किती, याचा वाद घालता येईल, पण गर्भ राहिला नाही तर बाईला चार तोंडांना उत्तरे द्यावी लागू नयेत, एवढे शहाणपण त्यात निश्चित आहे. बाळाला काळा टिक्का लावतात, तो कशासाठी? दृष्ट लागू नये म्हणून. बाळाचे वजन भरले तरी ते मोठ्याने सांगू नये, असा दंडक आहे. अनोळखी नजरेपासून लेकरू झाकावे, हे आमच्या आज्यांना कुठल्याही कायद्याने शिकवले नव्हते. गावात सर्वांना माहीत असणे वेगळे आणि गावाबाहेर कुणालाही माहीत होणे वेगळे. गावातल्या माणसाचे तोंड आपण ओळखतो, त्याला जाब विचारू शकतो. मोबाइलमधून निघालेल्या माहितीला ना तोंड ना पत्ता!

याचा एक वाईट अनुभव आमच्या आळीने घेतला आहे. शिकलेली म्हणून आलेले निरोप वाचायला, फोनवर हिंदीत बोलायला लोक मला बोलावतात. एकदा शेजारच्या काकूंच्या सुनेला फोन आला. पलीकडच्या माणसाला तिचे नाव ठाऊक होते, बाळाचे नाव ठाऊक होते, प्रसूती कोणत्या महिन्यात झाली तेही ठाऊक होते. "तुमचे योजनेचे पैसे आले आहेत, मोबाइलवर आलेला आकडा सांगा," असे तो म्हणत होता. काकूंनी फोन माझ्या हाती दिला म्हणून ते तिथेच थांबले. ही माहिती त्याला कुणाकडून मिळाली हे आम्हाला कळले नाही, आणि कुणावर आळ घेण्याचाही माझा इरादा नाही. परंतु तो माणूस खोटा आहे हे त्या सुनेला कसे कळावे? घरातल्या माणसांनाच जे ठाऊक असते, ते त्याला ठाऊक होते. माहिती खरी असली की लबाडीवर विश्वास बसतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनमधील 'किडो' नावाच्या बालवाड्यांच्या संगणकातील माहिती चोरांनी पळविली. सुमारे आठ हजार मुलांची नावे, छायाचित्रे, पत्ते आमच्याजवळ आहेत असे सांगून त्यांनी खंडणी मागितली. काही मुलांची माहिती त्यांनी फोटोंसह जगापुढे टाकली, कर्मचाऱ्यांची माहितीही टाकली. एवढेच नव्हे तर पालकांना फोन करून धमकावले. लोकांचा संताप पाहून पुढे त्यांनी ती काढून घेतली. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी दोघांना पकडले तेव्हा कळले की, दोघेही सतरा वर्षांचे आहेत! इतक्या श्रीमंत देशातल्या, महिन्याला भरमसाट फी घेणाऱ्या बालवाड्यांची ही कथा. आपल्याकडे २०२३ च्या जून महिन्यात 'टेलिग्राम'वर नुसता मोबाइल क्रमांक टाकला की लस घेतलेल्या माणसाची माहिती बाहेर येऊ लागली, तेव्हा मूळ साठ्याला धक्का लागलेला नाही असे शासनाने सांगितले. तसे असेलही. पण माहिती बाहेर आली ती आलीच. एकदा सांडलेले दूध भांड्यात परत भरता येत नाही.

आणखी एक उदाहरण आमच्या जंगलकाठच्या बायकांना विशेष जवळचे वाटेल. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. वाघ मोजण्यासाठी झाडांना लावलेले कॅमेरे सरपण आणायला गेलेल्या बायकांनाही टिपत होते. शौचाला बसलेल्या एका बाईचे छायाचित्र तर गावच्या मोबाइलांवर फिरले. कॅमेऱ्याच्या धाकाने बायका जंगलात मोकळेपणी बोलेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या. कॅमेरा लावला होता वाघासाठी! म्हणजे साधन कशासाठी आणले, एवढ्यावर विसंबून चालत नाही. ते कुणाच्या हाती आहे आणि त्यातून निघालेले पुढे कुठे जाते, हेही पाहावे लागते.

मग कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आणि आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ज्या खंडपीठात त्यांचे वडील होते त्याचा निकाल चुकीचा होता असे स्पष्ट म्हटले. पुढे २०१८ च्या सप्टेंबरात आधारसंबंधीच्या निकालात न्यायालयाने असेही सांगितले की, आधार क्रमांक नाही म्हणून कोणत्याही बालकाला लाभ नाकारता येणार नाही. पोषण ट्रॅकरसाठी बालकाचे आधार सक्तीचे नाही, हे केंद्र शासनानेही २०२२ साली स्पष्ट केले. ही गोष्ट आमच्या गावात किती मातांना ठाऊक आहे? मी विचारून पाहिले; एकीलाही नव्हती.

त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. त्यांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती हवी, त्यांच्यावर पाळत ठेवू नये, त्यांना उद्देशून जाहिराती करू नयेत, असे त्यात आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पाळणाघरांना मुलांच्या सुरक्षिततेपुरती थोडी सवलत दिली आहे, तीही समजण्यासारखी आहे. रांगते मूल कुठे गेले हे पाहायलाच हवे.

परंतु आमच्या दृष्टीने त्यात दोन फटी आहेत. पहिली अशी की, अनुदान, लाभ किंवा सेवा देण्यासाठी माहिती वापरताना शासनाला संमतीच्या बाबतीत मोकळीक आहे. नियमांच्या परिशिष्टात काही पथ्ये सांगितली आहेत : गरजेपुरतीच माहिती घ्यावी, गरजेपुरतीच ठेवावी, नीट सांभाळावी. पण ती पाळली जातात की नाही हे मोहवेचणी करणाऱ्या बाईने कुठे जाऊन पाहायचे? दुसरी फट अशी की, हा कायदा संगणकातल्या किंवा संगणकात जाणाऱ्या माहितीपुरता आहे. नुसती कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेली कुपोषित बालकांची यादी त्याच्या कक्षेत येत नाही. आणि खेड्यात बेअब्रू होते ती बहुतेक वेळा भिंतीवरच होते!

आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. माहितीच्या रक्षणाचे नाव घेऊन उद्या कुणी आहाराचा हिशेबच झाकू लागला तर? याच कायद्याने २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलम बदलले आहे आणि वैयक्तिक माहिती म्हटले की ती नाकारणे आता सोपे झाले आहे. हे घातक आहे. किती पाकिटे आली, किती वाटली, ठेका कुणाला दिला, पैसे किती दिले, हे सारे भिंतीवर लावा, दवंडी पिटून सांगा. ते जनतेचे आहे. पण लेकराचे वजन हे त्या लेकराचे आहे. मोठ्यांचा हिशेब उघडा आणि लहानांचे नाव झाकलेले, असा नियम हवा. आजकाल नेमके उलटे होताना दिसते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सारा दोष अंगणवाडीच्या बाईंवर टाकते आहे. छे! बाईंची स्थिती मी जवळून पाहिली आहे. त्या सकाळी खिचडीकडे पाहतात, दुपारी घरभेटी करतात आणि रात्री मोबाइलमध्ये माहिती भरतात, कारण रात्रीच आमच्याकडे जरा रेंज येते. २०२१ साली राज्यभरातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले होते. ते बंद पडत होते, त्यांची जागा भरत होती, आणि ट्रॅकर इंग्रजीत होता. आता तो मराठीतही आहे. पण मोबाइल चालत नसेल तर बाई काय करील? स्वतःचा किंवा मुलाचा फोन वापरील. मग गावातल्या मातांची आधार कार्डे त्या मुलाच्या फोनमध्ये, त्याच्या खेळांच्या आणि चित्रपटांच्या शेजारी जाऊन बसतील. यात दोष कुणाचा? चौकीदाराला कंदील द्यायचा नाही आणि चोरी झाली की त्यालाच धरायचे, हा कुठला न्याय?

शिवाय बाईंच्या स्वतःच्या माहितीचे काय? त्यांचा खाजगी क्रमांक केंद्राच्या भिंतीवर रंगवलेला असतो. रात्री-बेरात्री त्यावर नको ते फोन येतात. त्यांचे काम कमी पडले तर गटात सर्वांसमोर नाव टाकून त्यांना विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी अजून त्यांच्या मोबदल्याला आपण पगार न म्हणता मानधनच म्हणतो. मान आणि धन हे दोन्ही शब्द त्यात आहेत, पण दोन्ही पुरेसे मिळत नाहीत. जिच्या स्वतःच्या अब्रूची कुणी पर्वा करत नाही, तिने दुसऱ्याची अब्रू जपावी ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून नुसती टीका करून न थांबता मला सुचतात ते उपाय मांडते. अंगणवाडीच्या भिंतीवर आकडे लावावेत, नावे लावू नयेत. गावात चार बालके कुपोषित आहेत एवढे ग्रामसभेला कळले की पुरे. ती चार कोणाची हे बाई, आशाताई आणि डॉक्टर यांना कळावे. उघड्या लेकराचे छायाचित्र घेऊच नये, आणि कसलेही छायाचित्र आईला विचारल्यावाचून घेऊ नये. गटावर नाव आणि आजार एकत्र टाकण्यास स्पष्ट मनाई असावी. आधारची प्रत कामापुरती पाहावी आणि फोनमधून पुसावी. सेविकेला चालणारा, कुलूप लागणारा मोबाइल आणि केंद्राचा वेगळा क्रमांक शासनाने द्यावा. चेहरा जुळला नाही, रेंज आली नाही, म्हणून कुणाचा आहार अडवू नये. वहीत सही घेऊन तो द्यावा. आणि कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, हे वर्षातून एकदा मातांच्या बैठकीत, त्यांच्या बोलीत, समजावून सांगावे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लागते ती इच्छा.

आता शेवटी आपल्याविषयी. मित्रमैत्रिणींनो, आपण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना जातो. खेड्यात मुक्काम करतो, घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे तक्ते भरतो. 'घरात किती माणसे, उत्पन्न किती, शौचालय आहे का, दारू कोण पितो?' असे प्रश्न आपण बेधडक विचारतो, आणि गरीब माणूस बिचारा उत्तरे देतो, कारण दारात कॉलेजची पोरे आली आहेत. ते तक्ते पुढे कुठे जातात? शिबिर संपल्यावर खोक्यात पडतात की रद्दीत? शिबिरात काढलेली शेंबड्या, उघड्या लेकरांची छायाचित्रे आपण मोबाइलवर लावतो, वार्षिकांकात छापतो आणि खाली लिहितो, 'ग्रामीण जीवनाचे दर्शन'. त्या लेकराच्या मायला कुणी विचारले होते का? प्राध्यापक महोदयांनाही माझी नम्र विनंती आहे की, समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा प्रकल्प देताना संमती कशी घ्यावी, नावे कशी गाळावी आणि काम झाल्यावर तक्ते कसे नष्ट करावे, हे आम्हाला एका तासिकेत शिकवावे. अभ्यासक्रमात हा धडा नसेल तर तो अभ्यासक्रमाबाहेर शिकवावा.

कारण आपण ज्यांची माहिती गोळा करतो ती माणसे परकी नाहीत. या महाविद्यालयातील आपल्यापैकी कित्येकजण अंगणवाडीच्या खिचडीवर वाढलेले आहेत. कुणाचे वजन कमी होते, कुणाची माय अंगठा लावून आहार घेत होती, हे त्या काळच्या वहीत लिहिलेले आहेच. ती वही कपाटात राहिली म्हणून आज आपण मान वर करून इथे बसतो. आजच्या लेकरांची वही कपाटात मावत नाही, ती वाऱ्यावर फिरते. पंधरा-सोळा वर्षांनी ती लेकरे याच बाकांवर येऊन बसतील. तेव्हा त्यांच्या आधी त्यांचे 'तीव्र कुपोषित' हे नाव इथे येऊन बसलेले असू नये, एवढी तजवीज आजच करायला हवी. ते काम शासनाचे आहे, बाईंचे आहे, आणि ज्याच्या हातात मोबाइल आहे अशा आपल्या प्रत्येकाचेही आहे.

— बी. ए. भाग दोन